सहीच्या जागी

बरकतपुऱ्यातल्या त्या अपार्टमेंटची मीटिंग एस्तेरबाईंसाठीच बोलावली होती. दर रविवारी त्यांच्या घरी पाचसहा बायका जमून प्रार्थना करत, गीतं म्हणत. परवा कुणीतरी त्यांच्या दारावरच्या क्रुसाला काळं फासलं होतं. सेक्रेटरीने कागद पुढे सरकवला. ‘यापुढे माझ्या घरी प्रार्थना होणार नाही’, आणि खाली सहीची जागा. “साइन करो आंटी, झगडा नक्को,” तो त्याच्या दखनी हिंदीत म्हणाला. “करून टाका, आई,” सून कानाशी पुटपुटली, “उद्या तुमच्या नातीला जिन्यात अडवतील.” एस्तेरबाईंनी पेन घेतलं, दोन अक्षरं वळणदार लिहिली आणि सहीला असते तशी शेपटी ओढली. सेक्रेटरीने न वाचताच कागदाची घडी घातली. सगळ्यांना हायसं वाटलं, कुणी चहासुद्धा पुढे केला. बाई चहा न घेता जिन्याशी गेल्या. तीन पायऱ्या चढल्या, दोन उतरल्या, पुन्हा एक चढल्या. काय लिहिलंय ते देवाला ठाऊक होतं. पण खाली बसलेल्यांच्या लेखी एस्तेर वाकली होती. त्या वळल्या. सुनेने पदर धरला, तो सोडवून त्या परत मीटिंगमध्ये आल्या. “वो साइन नहीं है,” त्या सेक्रेटरीला म्हणाल्या. “मराठी में ‘नको’ लिखी मैं.” त्याने कागद उलगडला. “नको? मतलब?” एस्तेरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मतलब, नक्को.”