उतारावरची सायकल

“थांबा!” सोलांजनं औषधाच्या बाटलीवर चमचा आपटला. “कोण मेलंय?”

पियानोवर तिच्या बहिणीचे, एर्मीनचे, हात तसेच हवेत राहिले. मस्यू लाबोर्दनी व्हायोलिन हनुवटीखालून काढलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले, जणू पॅरिसमध्ये कबुतरं आज पहिल्यांदाच आली होती.

“कोणी मेलेलं नाही,” एर्मीन म्हणाली. “छान चाललं होतं की.”

“छान? अगं, ही सायकल आहे! उतारावर सुटलेली सायकल. वर नाव लिहिलंय, चांगलं ठसठशीत. आणि तुम्ही दोघं ती हातात धरून चढावर ढकलताय!”

आज हे तिसऱ्यांदा झालं होतं.

सोलांज चोवीस वर्षांची होती. कोचावर तीन उशा आणि दोन शाली यांच्यामध्ये कुठेतरी ती होती. रविवारी तिनं रचलेलं हे संगीत पहिल्यांदा सभागृहात वाजणार होतं आणि डॉक्टरांनी तर तिला जिनासुद्धा उतरू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ऐकायला मिळणार ते आज, इथे, एवढंच. आणि रविवारी जसं वाजेल तसंच ते लोकांच्या कानात बसणार. नंतर चूक सांगायला ती असेलच असं नाही, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. म्हणूनच तर ते दोघं इतकं हळू वाजवत होते! कोणाचं डोकं फिरणार नाही?

“मादमुआझेल,” लाबोर्द खाकरले, “तुमच्या तब्येतीचं सगळ्यांच्या कानावर आहे. रविवारी लोक हातरुमाल घेऊनच येतील.”

“मग सर्दी झालेल्यांनाच बोलवा.”

“सोलांज!” एर्मीन म्हणाली.

“तू तर बोलूच नकोस. तो शेवटचा सूर म्हणजे मी काटेरी कुंपणात आपटते तो आहे. पाय वर, टोपी गटारात. तू मला गादीवर निजवून वर पांघरूण घातलंस. इकडे दाखव तो स्वरलिपीचा कागद.”

एर्मीननं कागद दिला नाही. सोलांजनं हात तसाच लांब धरून ठेवला. शेवटी एर्मीननं दिला. पहिल्या ओळीवर पेन्सिलीनं, एर्मीनच्या त्या गोल गोल शहाण्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सावकाश’.

“हे कधी लिहिलंस?”

“तू झोपली होतीस तेव्हा.”

सोलांजनं तो शब्द पुन्हा एकदा वाचला. मग तिनं कागद परत दिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “मस्यू लाबोर्द, खरं सांगा हं. बोटं चालत नाहीत ना आता?”

“काय?”

“नाही, वय होतंच माणसाचं. सगळे तरुण वादक लढाईवर गेले म्हणून तुम्हाला बोलवावं लागलं. त्यात तुमचा काय दोष?”

लाबोर्दांच्या मिशा थरथरल्या. कोळसा मिळत नव्हता म्हणून ते ओव्हरकोट घालूनच वाजवत होते. तो त्यांनी काढून खुर्चीवर फेकला. “मादमुआझेल, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी—”

“तेच म्हणतेय मी.”

ते एर्मीनसाठीही थांबले नाहीत. व्हायोलिन सुटलंच! एर्मीन दचकली, “अहो, थांबा, मी अजून—” म्हणाली आणि त्यांच्या मागे धावली. दोन सूर चुकले, तीन चुकले, पण लाबोर्द मागे वळून बघायलाही तयार नव्हते.

“हळू! मस्यू, हळू!” एर्मीन ओरडली.

“हेच! त्या दिवशीही तू हेच ओरडत होतीस!” सोलांज उठून बसली. “ब्रेक दाब, ब्रेक दाब म्हणत मागून धावत होतीस, झगा वर धरून! पियानो म्हणजे तूच आहेस, एर्मीन! तू पुढे कशाला जातेस? मागून धाप टाकत ये!”

एर्मीनला पान उलटायला हात मोकळा नव्हता. ते सोलांजनं उलटलं. ती कोचावरून कधी उठली, पियानोपर्यंत कशी आली, ते कोणीच पाहिलं नाही. एक शाल वाटेत पडली होती. तिनं दुसरं पान उलटलं, मग तिसरं. एर्मीनच्या केसांतून एक पिन उडाली. आणि मग ते कुंपण आलं. एर्मीननं दोन्ही हात कोपरापासूनच्या जोरानं खाली आणले आणि मेणबत्तीचा स्टँड उडून जमिनीवर पडला.

खालून कोणीतरी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायला लागलं. ठोकणं थांबलं, जिन्यावर पावलं वाजली आणि दार न वाजवताच मादाम त्रिशे आत आल्या. मागच्याच आठवड्यात त्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या.

“काही लाज आहे की नाही?” त्या कडाडल्या. “या घरात कोणी पोरगी अंथरुणाला खिळलीय म्हणतात. शेवटच्या घटका मोजतेय म्हणे! आणि इथे हा तमाशा?”

मग त्यांनी तिघांकडे नीट पाहिलं. लाबोर्द घाम पुसत भिंतीला टेकले होते. एर्मीन पियानोवर डोकं टेकून धापा टाकत होती. सोलांज उभी होती, गाल लाल, ओठ दाबून हसू आवरत.

मादाम त्रिशेंचा आवाज जरा खाली आला. “तुमच्यातलं आजारी कोण?”



एर्मीननं डोकं वर न करताच हात वर केला. दुसऱ्या हातानं तिनं चाचपत खोडरबर शोधलं आणि पहिलं पान पुन्हा पुढे ओढलं.