सव्वा तास

नागपूरहून शिर्डीला विमानाने सव्वा तास लागतो. माझा नवरा सुहास नोकरीपायी तिकडे राहतो, दर शनिवारी असा घरी येतो आणि मी जवळच्या बेलापूरहून गाडी घेऊन त्याला आणायला जाते. दोघंही कंटाळलोय आता.

आज सकाळी त्याने केसांना कलप लावला. विमानात बसल्यावर व्हिडिओ कॉल करून हौसेने दाखवलाही.

विमान वेळेवर उतरलं. सुहास बाहेर आला, तेव्हा मुळांपासून दोन बोटं केस पांढरे होते.

"फार दमलो गं, सरोजिनी. प्रवास संपतच नव्हता."

"अरे, सव्वा तास तर झाला!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने पाकीट उघडून माझ्यापुढे धरलं. आत माझा फोटो होता, चौकटीतला, हार घातलेला.

त्यातली साडी मी आज पहिल्यांदाच नेसले होते.