शारदाबाईंचं करडं फोल्डर

शारदाबाईंची सगळी स्वप्नं संध्याकाळच्या आरतीआधी सापडली, एकही हरवलं नाही. पण हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. अजून दुपार आहे, स्वप्नं सापडत नाहीयेत, आणि तुळजापुरात तात्या पुजाऱ्यांच्या लॉजच्या काउंटरवर त्यांची भाची निवेदिता दोन कॉम्प्युटरांच्या मधे मान घालून बसली आहे.

घरात मेलचा पत्ता एकच. त्यावर यजमानांचे मेल यायचे, अभिषेकाचे, खोलीचे. तात्यांनी ते धंद्याच्या रीतीनं लावले होते. आजोबाच्या फोल्डरात बाप, बापाच्या फोल्डरात मुलगा. पुजाऱ्याचा यजमान पिढीजात असतो, मग मेलनं का मोकाट फिरावं? घरचीही मांडणी तीच. बायकोचं, शारदाबाईंचं एक फोल्डर, त्याच्या आत मुलगा शंतनू. तात्या मात्र कुणाच्याच आत नव्हते. ते इनबॉक्स होते.

आता जुनी मेल कंपनी आज संध्याकाळी बंद पडणार होती, म्हणून सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. जुन्या कॉम्प्युटरवर शारदाबाईंचं फोल्डर उघडत होतं. नव्यावर ते करडं दिसत होतं आणि कितीही टकटक केलं तरी ढिम्म. मोबाइलवर तर शारदा नावाचं कुणी नव्हतंच.

आणि स्वप्नं त्यात होती. भूम गावची द्वारका, शारदाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी रोज सकाळी एकमेकींना रात्रीचं स्वप्न लिहून पाठवायच्या. फोनवर स्वप्न सांगता येत नाही, पलीकडचं माणूस मधेच 'हं' म्हणतं.

"मामी, तुमच्यात शंतनूदादा आहे," निवेदिता म्हणाली.

"त्याला बाहेर येऊन बत्तीस वर्षं झाली की गं."

"इथं अजून आतच आहे. नव्या सर्व्हरचा नियमच तसा. फोल्डरात एक तर मेल ठेवायचे, नाहीतर दुसरं फोल्डर. दोन्ही जमत न्हाय. ज्याला पोरं झाली, त्याचं स्वतःचं काही ठेवून घेत न्हाय."

"बनवणारा आमच्या सासूबाईंच्या माहेरचा दिसतोय," शारदाबाई म्हणाल्या.

खरंच, जिल्ह्यातले समस्त बाप करडे पडले होते. तामलवाडीचे बिराप्पा, ज्यांनी लग्नच केलं नाही, ते तेवढे लख्ख उघडत होते. त्यांचा एकच मेल होता : 'पोचलो.'

"दादाला बाहेर काढून मामींच्या शेजारी ठेवते," निवेदिता म्हणाली. "मग मामी उघडतील."

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "शेजारी? वंशावळ हाय ती, एसटीतलं शीट न्हाय." पण एकतर्फी नको म्हणून त्यांनी हैदराबादला फोन लावला. "बाळा, तुला आईतनं बाहेर काढायचं म्हणतेय निवेदिता."

"तात्या, मी मीटिंगमध्ये आहे," पलीकडून आवाज आला.

"नको म्हणतोय," तात्यांनी फोन ठेवत अर्थ लावला.

शारदाबाई जुन्या कॉम्प्युटरपुढं बसल्या. पंखा हळूहळू फिरत होता, बाहेर कुणी परडी विकत होतं, आणि पडद्यावर त्यांनी आज सकाळीच द्वारकाला लिहिलेलं स्वप्न उघडं होतं. स्वप्नात त्या देवळाच्या पायऱ्या उतरत होत्या. पायऱ्या संपेनात. जरा गार लागायला लागलं, तेव्हा खाली देऊळ नव्हतं, त्यांचंच स्वयंपाकघर होतं. चुलीपुढं शारदाबाईच बसल्या होत्या, भाकरी थापत. मान वर न करता म्हणाल्या, "अर्ज आणलास का? अर्जाशिवाय आत घेत न्हाय."

खाली द्वारकाचं उत्तर होतं : 'मग तू काय म्हणलीस?'

शारदाबाईंनी अजून काहीच म्हटलं नव्हतं. आणि जुना सर्व्हर संध्याकाळी जाणार होता, पायऱ्यांसकट.

"एकच मार्ग राहिला," निवेदिता म्हणाली. "मामी, तुमच्यात अजून एक फोल्डर काढते, दादाच्या बाजूला. तुमचे मेल त्यात. नाव काय देऊ?"

"लोक काय देतात?"

"बरेच जण 'स्वतः' देतात."

शारदाबाईंना ते नाव जरा भारीतलं वाटलं. रोज वापरायचं नसतं तसलं. तरी त्या म्हणाल्या, "दे."

"शारदेत स्वतः?" तात्या गोंधळले. "मग ही बाहेर बसलीय ती कोण?"

"ती चहा टाकणारी," शारदाबाई म्हणाल्या. "तिचं फोल्डर न्हाय."

पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. विहिरीतलं रेल्वे स्टेशन नव्या फोल्डरात गेलं. भूमच्या स्टँडवर सगळ्या गाड्यांना शारदा अशी पाटी लागली होती, ते द्वारकाचं स्वप्न गेलं. हरभऱ्याच्या रानात उभा राहून वर्ग घेणारा हत्ती जरा अडकला, मग तोही गेला. आरतीची घंटा वाजली तेव्हा पट्टी भरली होती. ऐकून आपल्यालाही आश्चर्यच वाटलं.

तात्या आरतीला गेले. शारदाबाईंनी निवेदिताला उठवलं, खुर्ची पुढं ओढली आणि एका बोटानं द्वारकाला उत्तर लिहायला घेतलं :

'द्वारके, तेव्हा सुचलं न्हाय. आता अर्ज केलाय, तो असा.

प्रति, मा. शारदाबाई, स्वयंपाकघर, पायऱ्यांच्या तळाशी.

विषय : आत येऊन बसण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया, अर्जदार ही वरील पत्त्यावरचीच असून, दुपारची जेवणं झाल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत आपल्याकडे नुसती बसू इच्छिते. सोबत कुणालाही आणले जाणार नाही. सदर काळात भाकरी थापणे दोन्ही बाजूंनी बंद ठेवावे, आणि वरून कुणी हाक मारल्यास, या नावाची बाई इथे राहत नाही, असे त्यांना लेखी कळवावे, ही नम्र विनंती.'