जामीनदार

ब्युनोस आयर्समध्ये भाड्याने घर हवं तर जामीनदार लागतो, तोही शहरात स्वतःचं घर असलेला. मागचा भाडेकरू जाताना नळसुद्धा काढून घेऊन पळाला, तेव्हापासून ओफेलियाबाई या नियमावर अडून बसल्या होत्या. त्यांची वरची खोली मात्र उन्हाळ्यापासून रिकामी होती.

लांबच्या हुहुय प्रांतातून आलेल्या यामिलाला ती खोली फार आवडली. ती जिथे शिकवणार होती ती शाळा समोरच होती.

"जामीनदार कोण?" 'माते' नावाच्या तिथल्या चहाचा आपलाच पेला तिच्या हातात देत बाईंनी विचारलं.

"इथे मी कुणालाच ओळखत नाही, ओफेलियाबाई."

"मग कशी देऊ, पोरी? नियम म्हणजे नियम."

यामिलाने चहा संपवला आणि पिशवी उचलली.

"बस खाली. माझ्या पेल्यातून चहा प्यायलीस, म्हणजे मला तरी ओळखतेस ना?"

बाईंनी करारावर जामीनदार म्हणून स्वतःचंच नाव घातलं. नवरा, ओस्वाल्दो, हसू दाबत म्हणाला, "आणि भाडं थकलं तर?"



"तर पोरीला एक शब्द बोलणार नाही. त्या जामीनदार बाईला मात्र सोडणार नाही."