बगळोबा

अरे, ऐका तर! माझे बाबा इमारती रंगवतात आणि रोज सकाळी गॅलरीत वृक्षासन करतात, आधी उजव्या पायावर, मग डाव्यावर. ताप असो, पाहुणे असोत, खाडा नाही. आई चिडवते, “काय बगळोबा, मासा मिळाला का?” काल आम्ही दोघी डबा द्यायला गेलो आणि आमच्यासमोर दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या पायाखालची शिडी सटकली! खिडकीखाली भिंतीतून बाहेर आलेल्या दगडावर त्यांचं जेमतेम उजवं पाऊल मावलं. धरायला काहीच नाही, नुसते तळवे ओल्या भिंतीवर. आई ओरडली, “बगळोबा, हलू नका हो!” आणि खरंच, शिडी लागेपर्यंत ते हललेच नाहीत! ओल्या रंगात त्यांचे तळवे स्वच्छ उमटलेत, जराही न घसरता. ते उतरल्यावर आईला रडू कोसळलं. बाबांनी तिला थोपटलं आणि तिथेच उजवा पाय उचलला. “अहो, आता काय?” “डाव्याचं राहिलं ना!”