मावळ्यांचे चष्मे

"मावळ्याला चष्मा नसतो," म्हणत खरातसरांनी यंदाही सगळ्यांचे चष्मे टोपलीत गोळा केले आणि वर आपलाही ठेवला. गडाच्या पायथ्याशी दरवर्षी जुनी लढाई उभी करणाऱ्या त्यांच्या मंडळात घड्याळाला बंदी होती, चहालासुद्धा. आताशा माणसं गळत चालली होती. उरलेलीही कंटाळलीत, असं सरांना वाटायचं.

लढाई सुरू झाली आणि बँकेतले पेंडसे तलवार उगारून स्वतःच्याच सरदारावर धावून गेले. बिनचष्म्याचं त्यांना काही दिसतच नव्हतं. बघ्यांमध्ये खसखस पिकली.

सर दगडावर मटकन बसले. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. नेमकं झालं काय, ते तरी बघावं म्हणून त्यांनी टोपलीतून आपला चष्मा काढला.

इतक्या वर्षांत स्वतःची लढाई त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. दोन्हीकडचे मेलेले सैनिक शेजारी शेजारी पडले होते आणि हसू दाबताना त्यांची पोटं गदगदत होती. मेलेल्या सरदारानं तर पेंडशांचा हातच धरला होता.

सर टोपली घेऊन उठले.

"मेलात तेवढं पुरे," ते म्हणाले. "चष्मे घ्या आपापले. आणि कुणीतरी चहा टाका."