फुकट खात्यातली जागा

नातीचा फोटो अल्बमच्या साइटवर काही केल्या चढेना. फुकटचं खातं काठोकाठ भरलं होतं.

"बाबा, आईचे बाकावर बसलेले सारखेच तीन फोटो आहेत. दोन काढून टाका," मुलगी फोनवर म्हणाली.

बायको जाऊन वर्ष झालं होतं. म्हाताऱ्या घड्याळजीने जड मनाने पहिला फोटो पुसला. दुसरा उघडला, तर त्यात ती बाकावरून उठून उभी होती. आपल्याच लक्षात नसेल, असं म्हणत त्याने तोही पुसला.

तिसऱ्या फोटोत नुसताच बाक होता.

"बाबा, झाली का जागा?"

सोफ्यावर त्याच्या शेजारची गादी हळूच दबली.

"झाली," म्हातारा म्हणाला, आणि मान न वळवता जरासा बाजूला सरकला.